हे कुणी केलंय?

(घरी बांधलेल्या विमानाच्या वायरिंगमधला बिघाड शोधू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पुस्तिका)

वायरमन कुठल्याही गावचा असो, बोर्डाचे स्क्रू काढून झाकण बाजूला केलं की तो आधी 'च्यक्' करतो आणि म्हणतो, "हे कुणी केलंय?" पक्कड हातात घेण्यापूर्वीचा हा विधी आहे. आमचे अण्णा इस्लामपुरात वायरमन होते. लहानपणी त्यांची हत्यारांची पिशवी धरून मी निम्मं गाव हिंडलोय आणि हे वाक्य ऐकलं नाही असं एकही घर मला आठवत नाही. या वाक्याची सोय फार मोठी आहे. आधीचा वायरमन समोर नसतो. त्याच्यावर काय वाटेल ते ढकलता येतं, घरमालक मान डोलावतो आणि बिलाचा आकडा सांगताना जीभ अडखळत नाही.

घरी बांधलेल्या विमानात नेमकी हीच सोय नाही. पॅनेल उघडून तुम्ही 'च्यक्' करता, पुढचं वाक्य ओठांवर येतं, आणि मग आठवतं की आधीचा वायरमन तुम्हीच. घरमालकही तुम्ही, आणि शनिवारी सकाळी हे यंत्र घेऊन आकाशात जाणारा इसमही तुम्हीच. ही पुस्तिका या तिघांसाठी आहे. तिघांनी आलटूनपालटून वाचावी, भांडू नये.

विमान घरी बांधतात हेच ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव गाजले, कारण ते गच्चीवर होतं. अमेरिकेत ते गॅरेजात असतं आणि शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिची जत्रा आता दरवर्षी जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरते. पंढरीला जातात तशी माणसं तिथे जातात, फक्त पायी जात नाहीत. मी ओहायोत राहतो. माझं विमान दोन आसनी आरव्ही-७. त्याचा किट ऑरेगनहून लाकडी खोक्यांतून आला. तेव्हापासून आमची गाडी बर्फात उभी असते.

कायदा सरळ आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने केलेलं हवं, आणि तेही केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. पैसे वाचवणं हे कारण कायद्यात नाही. व्यवहारातही नाही. बांधून झालं की दारापाशी दोन ते सहा इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावं लागतं, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. अण्णा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले तेव्हा त्यांनी ही पाटी माझ्याकडून मराठीत वदवून घेतली. "हौशी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेत असतात तसले?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग काही न बोलता त्यांनी पाटी हाताने पुसली.

पायरी पहिली : विमान बंद आहे याची खात्री करा, आणि त्या खात्रीवर विसंबू नका

मास्टर स्विच बंद करा. बॅटरीची तार काढायची तर निगेटिव्ह आधी. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पान्याचं शेपूट पत्र्याला लागलं, तर पाना, पत्रा आणि तुम्ही यांच्यात कायमचं नातं जुळतं. इथपर्यंत मोटारीसारखंच आहे.

यानंतरचं मोटारीसारखं नाही. छोट्या विमानाच्या इंजिनावर बहुधा दोन मॅग्नेटो असतात. मॅग्नेटोच्या आत चुंबक फिरतं आणि ते स्वतःची ठिणगी स्वतः पाडतं. बॅटरी असो, नसो, मेलेली असो, त्याला सोयरसुतक नाही. हवेत असताना ही मोठी कृपा आहे, कारण सगळी वीज गेली तरी इंजिन चालत राहतं. पण मग ते बंद कसं करायचं? मॅग्नेटोतून पी-लीड नावाची एक वायर निघून चावीच्या स्विचपर्यंत येते. चावी 'बंद'वर नेली की स्विच ही वायर विमानाच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला जोडतो आणि ठिणगी गिळली जाते. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवण्याचा हा प्रकार आहे. रडणं थांबलेलं नसतं.

आता ही वायर कुठेतरी तुटली असं समजा. हात निघाला. चावी तुमच्या खिशात, मास्टर बंद, बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली, आणि तरीही कुणी पंखा सहज हाताने फिरवला तर इंजिन पेटू शकतं. घरात वायर तुटली की दिवा विझतो. इथे वायर तुटली की इंजिन विझायचं नाव घेत नाही.

अण्णांना हे समजावून सांगायला मला एक चहा लागला.

"म्हणजे स्विच बंद केला की वायर जोडली जाते?"

"हो."

"आणि चालू केला की तुटते?"

"हो."

"मग असं सरळ सांग की," ते म्हणाले, आणि उठून पंख्याच्या पलीकडे ठेवलेली पक्कड आणायला निघाले. मारक्या बैलाला घालतात तसा वळसा घालून गेले आणि तसाच वळसा घालून परत आले. नवशिक्यांनी या पायरीतून एवढंच उचललं तरी पुस्तिकेचे पैसे वसूल. पंखा नेहमी जिवंत समजावा. आणि इंजिन मंद चालत असताना अधूनमधून चावी क्षणभर 'बंद'वर नेऊन पाहावी. इंजिन मान टाकू लागलं तर पी-लीड शाबूत. ते तसंच गुरगुरत राहिलं, तर विमानाभोवती कुणाला फिरकू देऊ नये.

(माझ्या गावापासून डेटन तासाभरावर आहे, राइट बंधूंचं. १९०३ सालच्या त्यांच्या विमानातही मॅग्नेटोच होता. इंजिन सुरू करायला ड्राय सेल लागायचे, पण ते जमिनीवरच ठेवून द्यायचे. विमानात ना बॅटरी, ना दिवा, ना रेडिओ. त्या दोघांचं निम्मं यश मी या गोष्टीच्या खात्यावर मांडतो.)

पायरी दुसरी : कुठली वायर कुठे जाते ते आठवा

आठवणार नाही. पुढे चला.

तरीही कारण सांगतो. घरात लाल, काळी, हिरवी असा रंगांचा संसार असतो. विमानाची टेफझेल वायर बहुधा पांढरी. सगळीच पांढरी. ती १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. घरगुती पीव्हीसी वायर जळली तर जो विषारी धूर कोंडतो, तो विमानात नको म्हणून हिच्यावर जादा पैसे मोजायचे. पॅनेलमागे अशा दीडदोनशे पांढऱ्या वायरी एकत्र बांधल्या की शेवयांचा ओला घाणा वाळत घातल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची असते, आणि ती वायर ओढतानाच लावायची असते. नंतर लावू म्हणणारा माणूस नंतर कंदील घेऊन हिंडतो.

पहिल्या चाळीस वायरींना मी चिठ्ठ्या लावल्या नाहीत, कारण माझ्या लक्षात राहणार होतं. पुढच्यांना लावल्या त्या मराठीत. 'डा.पं.दि.' म्हणजे डाव्या पंखाचा दिवा, 'ते.ता.' म्हणजे तेलाचं तापमान. विमानाला कागद द्यायला आलेल्या तपासनिसाने चष्मा कपाळावर चढवून त्या बराच वेळ पाहिल्या आणि ही कुठली सांकेतिक पद्धत म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे फार जुनी आहे. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

वायरीची जाडी हा आणखी एक घोळ. अमेरिकी गेजमध्ये आकडा वाढला की वायर बारीक होते. २२ नंबरची केसासारखी, स्टार्टरला जाणारी २ नंबरची करंगळीसारखी. अण्णांना याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा जन्म तीन-बावीस आणि सात-वीस म्हणण्यात गेला. त्यातही तारांची संख्या आधी आणि गेज मागून, आणि गेज असंच उलटं. मिलिमीटर शिकलेला मीच एकटा गोंधळलो.

पायरी तिसरी : मीटर काय म्हणतो ते ऐका, मग दिव्याला विचारा

माझ्याकडे दोनशे डॉलरचा मल्टिमीटर आहे. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला, "छान आहे" म्हणाले आणि माझ्या गाडीच्या सुट्या सामानातून ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी, वायरींना दोन चिमटे. टेस्ट लॅम्प तयार. पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा चिकटपट्टी शोधण्यात गेली, कारण ती मी 'व्यवस्थित' ठेवली होती.

डाव्या पंखाचा दिवा लागत नव्हता. दिव्याची पिन काढून मी मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. म्हणजे वीज येतेय, दिवा गेलाय. नवा दिवा घातला. लागेना. पुन्हा मीटर, पुन्हा साडेबारा. मी दुसरा नवा दिवा मागवायला निघालो होतो. अण्णांनी तिथे आपला बल्ब जोडला. त्याची तार विझत आलेल्या उदबत्तीएवढी लाल झाली, बस.

"मीटर तुझा काही खातो का?" त्यांनी विचारलं. नाही. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, म्हणून तर तो चांगला मीटर. "मग त्याला कशाला विचारतोस? पाणी आहे का ते नळ सोडून बघायचं. पाइपला कान लावून नाही." त्यांचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागत होता, आणि वाटेत कुठेतरी एकच केस धरून बसलेली वायर ते देऊ शकत नव्हती. ती सापडली पंखाच्या मुळाशी, माझ्या हाताने दाबलेल्या एका लाल लगमध्ये. लाल लग २२ ते १८ गेजसाठी, निळा १६ ते १४, पिवळा १२ ते १०. रंग बरोबर होता. दाबला मात्र होता साध्या पकडीने, कारण दाबायची खरी पक्कड त्या दिवशी पंखाच्या आत पडली होती. लग दाबला की वायर ओढून पाहावी असं सगळी पुस्तकं सांगतात. मी ओढली नव्हती, निघून आली तर काय या भीतीने.

अण्णांनी ओढली. निघून आली. "च्यक्," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. बापच तो.

पायरी चौथी : सगळं बदलून पाहा

ही पायरी चुकीची आहे, पण ती सगळेच करतात म्हणून घातली आहे.

माझा खरा आजार वेगळाच होता. लँडिंग लाइट लावला की इंजिनाच्या तेलाचं तापमान वाढायचं. एकशे ऐंशी अंश फॅरनहाइटवर सुखाने बसलेला काटा दिव्याचा स्विच दाबला की सरळ दोनशेवर. दिवा बंद, की पुन्हा एकशे ऐंशी. दिवा पंखात, तेल इंजिनात, मधे चांगली आठ-दहा फुटांची माणुसकी. मी तेल बदललं. तापमानाचा सेन्सर बदलला. मग डायल बदलली. ती नवी डायल जुनीपेक्षा अधिक तत्परतेने हलू लागली. हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "मग दिवा लावू नका ना." हा उपाय आजवर ऐकलेल्या उपायांत सगळ्यात स्वस्त होता, हे इथे नमूद करतो.

इथे नवशिक्याने एक प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, तो अण्णांनी गॅरेजातल्या खुर्चीवरून विचारला.

"अर्थिंग कुठाय ह्याचं?"

मला थोडा रागच आला. अर्थिंग होतं. पुस्तकी होतं. आरव्ही ॲल्युमिनियमची, म्हणजे अख्खं अंगच परतीची वाट. (बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझीसारखी फोम आणि फायबरग्लासची विमानं ज्यांनी बांधली, त्यांना हे सुख नाही. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे गेलेल्या प्रत्येक वायरीमागे परत येणारी दुसरी ओढावी लागते.) पण अंगावर विसंबणं मला गबाळं वाटलं होतं. म्हणून मी पॅनेलमागे पितळेची एक देखणी पट्टी बसवली होती आणि झाडून सगळ्या परतीच्या वायरी हौसेने त्या पट्टीवर आणल्या होत्या, लँडिंग लाइटचीही. ती पट्टी म्हणजे माझ्या वायरिंगचा देव्हारा. पाहुण्यांना मी ती टॉर्च मारून दाखवायचो. पट्टी ते बॅटरी असा मीटर लावला की तो खणखणीत 'पीं' करायचा.

"लोड टाकून बघ," अण्णा म्हणाले.

मीटर व्होल्टवर ठेवला. एक टोक पट्टीला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या आसपास. दिवा लावला. ०.६.

आता वहीत काढून पाहा. १०० वॉटचा दिवा, म्हणजे आठेक अँपिअर. ते पट्टीवरून परत जाताना वाटेत कुणीतरी अर्ध्या व्होल्टहून अधिक वाटमारी करत होतं. त्यामुळे दिवा लागला की पट्टी, आणि पट्टीवर पाय रोवून बसलेली तापमानाची डायल, खऱ्या जमिनीपासून तेवढी वर उचलली जायची. सेन्सर मात्र इंजिनात, खऱ्या जमिनीवर. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. वर उचलल्या गेलेल्या डायलला तोच सेन्सर पूर्वीपेक्षा खाली दिसायचा, तिला वाटायचं रोध घटला, आणि ती प्रामाणिकपणे सांगायची की तेल तापलं. तेल बिचारं होतं तिथेच होतं. मीटरच्या 'पीं'ला आठ अँपिअर कुणी मागितलेच नव्हते, तेव्हा तो कशाला खोटं बोलेल.

पट्टी खोलली. पट्टीच्या मागे ॲल्युमिनियमचा आडवा पत्रा, आणि पत्र्यावर हिरवा इपॉक्सी प्रायमर. गंज येऊ नये म्हणून मीच मारलेला. दोन हात, मधे बारीक पॉलिश पेपर. नखाला आरशासारखा गुळगुळीत लागणारा. अख्ख्या विमानात एवढं सुबक रंगकाम दुसरीकडे नाही. रंगातून वीज जात नाही, एवढीच त्याची खोड. सगळ्या विमानाची परतीची वीज त्या रंगाला टाळून एका बोल्टच्या आट्यांमधून अंग चोरून जात होती.

अण्णांनी खिशातून चाकू काढला आणि रुपयाएवढा गोल खरवडला, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. पाच मिनिटांचं काम. मी त्या वेळी दुसरीकडे पाहत होतो.

पट्टी बसवली, दिवा लावला. काटा एकशे ऐंशीवर. आकडा ०.०५.

नव्या सेन्सरचे आणि डायलचे पैसे परत मिळत नाहीत. विचारून पाहिलं.

उरलेल्या तक्रारी, उभ्याउभ्या

हेडफोनमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतरणारी पिपाणी वाजत असेल तर ती आल्टरनेटरची. हेडफोनच्या जॅकची बाहेरची कडी पॅनेलच्या पत्र्याला टेकली आहे का पाहा. तिथे इन्सुलेशनचे वॉशर लागतात. माझे किटच्या पिशवीत सापडले, दोन वर्षांनी, 'उरलेलं सामान' लिहिलेल्या डब्यात.

ब्रेकर पुनःपुन्हा उडत असेल तर मोठा ब्रेकर घालू नका. ब्रेकर असतो वायरीसाठी, उपकरणासाठी नाही. मोठा घातलात तर वायर स्वतःच ब्रेकरचं काम करते, आणि ते एकदाच.

जमिनीवर सगळं नीट आणि हवेत गेलं की रेडिओ जातो, असं असेल तर थरथरीत वायर कुठे घासते ते शोधा. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट आहे का, हा प्रश्न विचारताना स्वतःच्या डोळ्यांत पाहा.

धूर दिसला तर मास्टर बंद, खिडकी, आणि जवळची धावपट्टी. पॅनेलमागे डोकं घालून कारण शोधायची ही वेळ नव्हे. इंजिन चालू राहील. का, ते पहिल्या पायरीत आहे.

पायरी शेवटची : वार्षिक तपासणी

विमान बांधणाऱ्याला सरकार रीतसर प्रमाणपत्र देतं, की आपल्या विमानाची वार्षिक तपासणी त्याने स्वतः करावी. दर बारा महिन्यांनी पॅनेल उघडायचं आणि हौशी माणसाने हौशी माणसाचं काम तपासायचं.

अण्णा परत जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पॅनेल उघडलं, टॉर्च मारला, पांढऱ्या शेवया पाहिल्या, आणि त्यांच्या मधोमध एक हिरवी वायर दिसली. जाड, घरगुती, इंडियन स्टोअरच्या शेजारच्या हार्डवेअर दुकानातून आणलेली असावी अशी. एक टोक माझ्या पट्टीला, दुसरं खाली कुठेतरी इंजिनाच्या दिशेने गेलेलं. मधल्या जोडावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, पाचसहा वेढे. पी-लीडच्या चर्चेनंतर कधीतरी मी दुपारचा झोपलेलो असताना हे काम झालं असणार.

इतकी वर्षं वाट पाहिलेला तो क्षण आला होता. आधीचा वायरमन मी नव्हतो. मी 'च्यक्' केलं, मोठ्याने, गॅरेजात घुमेल असं. मग इस्लामपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पॅनेलमागे धरला.

अण्णांनी चष्मा लावला. फोन जवळ घेतला, लांब धरला.

"च्यक्," ते म्हणाले. "हे कुणी केलंय?"

"तुम्हीच की अण्णा."

"मी?" त्यांनी पुन्हा पाहिलं. "छे. मी टेप असा गुंडाळत नाही."